काचघरातला उजेड आणि पणजीचा रंग

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक फोटो असतो. कोणाकडे तो देवघराबाहेरच्या भिंतीवर असतो, कोणाकडे जुन्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली. पणजोबा खुर्चीत बसलेले, पगडी किंवा पागोटे, हातात काठी. शेजारी पणजी, नऊवारीत, खांद्यावरून पदर, नाकात नथ. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही. आणि त्या फोटोवरून घरात पिढ्यान्‌पिढ्या काही वाक्ये चालत आलेली असतात. ‘पणजोबा फार तापट होते.’ ‘पणजी काळी होती हो.’ कधी कधी त्यापुढचेही वाक्य येते, ‘ही धाकटी तिच्याच वळणावर गेली,’ आणि ते त्या धाकटीच्या देखत, लग्नाची बोलणी चालू असताना म्हटले जाते.

हा लेख त्या वाक्यांविषयी आहे. माझे म्हणणे एवढेच की जुना फोटो ही माणसाची साक्ष असते, त्याहून अधिक ती त्या दिवशीच्या उजेडाची आणि त्या काळच्या काचेची साक्ष असते. काच आणि उजेड समजून न घेता आपण पूर्वजांचा रंग ठरवला, स्वभाव ठरवला, आणि तो निकाल नातींना ऐकवला.

आधी काचेचे बोलू. 1850 च्या दशकापासून पुढे तीसेक वर्षे आपल्याकडचे बहुतेक फोटो ओल्या काचेवर निघत. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच धुऊन काढायचे. वैशाखातल्या उन्हात ती काच किती लवकर सुकत असेल याची कल्पना करा. 1880 च्या दशकात जिलेटिनच्या तयार कोरड्या काचा आल्या आणि ही धावपळ थांबली. पण दोन्ही काचांमध्ये एक दोष सारखाच होता. त्यांना सगळे रंग दिसत नव्हते. निळा आणि जांभळा उजेड त्यांना दिसे. पिवळा जवळजवळ दिसत नसे, आणि लाल तर मुळीच नाही. म्हणून तर कोरड्या काचेच्या काळात फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा खुशाल जळत असे. काचेच्या दृष्टीने तो दिवा नव्हताच.

आता या काचेसमोर आपली पणजी बसवा. कपाळावर लाल कुंकू; काचेला लाल दिसत नाही, म्हणून कुंकू काळे आले. लाल किंवा केशरी लुगडे काळे आले. हळदीचा पिवळा गडद झाला. सोन्याच्या पाटल्या मळकट आल्या, फक्त जिथे उजेड थेट परावर्तित झाला तेवढाच ठिपका चमकला. नथीचे मोती मात्र पांढरेशुभ्र. उलट निळे लुगडे असेल तर ते फिकट, कधी कधी पांढऱ्यासारखे आले. डोळे घारे किंवा निळसर असतील तर बुबुळे इतकी फिकी की पाहणारा दचकतो. आणि त्वचा? आपल्या त्वचेतला तपकिरी आणि तांबूस अंश निळा उजेड शोषून घेतो आणि पिवळा-लाल परत पाठवतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना जी गव्हाळ कांती उजळ वाटते, तिच्याकडून काचेला फारच थोडे मिळे. गव्हाळ बाई सावळी आली, सावळी बाई काळी आली. चेहऱ्यावर वांगाचे डाग असतील तर ते प्रत्यक्षापेक्षा ठळक दिसत. आजही त्वचारोगतज्ज्ञ वांग नीट पाहायला जांभळ्या-अतिनील उजेडाचा दिवा वापरतात, त्यामागचे कारण हेच.

आलवणातल्या विधवा स्त्रियांचे फोटो याच कारणाने चुकीचे वाचले जातात. आलवण लाल. फोटोत काळे. मग कोणीतरी नातू सांगतो, आमच्याकडे विधवा काळे नेसत असत. तसे काही नव्हते.

या दोषावर इलाज निघाला तो टप्प्याटप्प्याने. 1873 साली जर्मनीत हेर्मान फोगेल यांना आढळले की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिला हिरवा-पिवळा उजेडही जाणवू लागतो. तशा काचा पुढच्या दशकात बाजारात आल्या. लाल रंग धरणाऱ्या काचा विक्रीला यायला 1906 उजाडले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे स्टुडिओंत जुन्या जातीचाच माल चाले, कारण तो लाल दिव्यात डोळ्यांनी बघत धुता येई. तेव्हा तुमच्या घरचा फोटो पहिल्या महायुद्धाच्या आधीचा असेल तर त्यातल्या काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. त्यानंतरचा असला तरी जपून.

फोटोवाल्यांना हे कळत नव्हते असे नाही. ते निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करत. निगेटिव्हवर जिथे शिशाचा थर चढतो तिथे कागदावर उजळ येते, म्हणून डोळ्यांखाली, गालांवर, वांगाच्या डागांवर ते तासन्‌तास पेन्सिल फिरवत. आणि आपल्या देशात तर छापलेल्या फोटोवर जलरंग, कधी तैलरंग चढवण्याची स्वतंत्र कलाच झाली. दागिन्यांवर सोनेरी, कुंकवावर लाल. त्याला केवळ हौस म्हणणे मला पटत नाही. काचेने जे खाल्ले ते कुंचल्याने परत दिले जात होते.

एक गोष्ट वैद्यकीय व्यवसायातला माणूस म्हणून सांगावीशी वाटते. या देशातले सुरुवातीचे कित्येक फोटोग्राफर डॉक्टर होते. आग्र्याच्या ताजमहालाचे अप्रतिम कागदी निगेटिव्ह घेणारे जॉन मरे कंपनीच्या नोकरीतले सर्जन. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते; दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. नारायण दाजी तर उत्तम फोटोग्राफर म्हणून नावाजले गेले. रसायने हाताळायची सवय हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक जवळचे वाटते. माणसाचा चेहरा कोणत्या उजेडात पाहायचा याचा विचार डॉक्टरला रोजच करावा लागतो. पिवळ्या बल्बखाली डोळ्यांतली कावीळ दिसत नाही. रुग्णाला उठवून खिडकीशी न्यावे लागते. मी आजही नेतो.

आता काचघराकडे वळू. विजेचे दिवे येण्यापूर्वी फोटोचा स्टुडिओ म्हणजे एक खास बांधलेली खोली असे. तिच्या छताचा एक भाग आणि एक भिंत काचेची. ही काच कोणत्या दिशेला ठेवायची हा पहिला प्रश्न, आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचे उत्तर ठरलेले होते, उत्तरेला. कारण युरोपात दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला. उत्तरेच्या काचेतून ऊन सहसा आत येत नाही, येतो तो बहुतेक नुसता आकाशाचा उजेड, मोठा, मऊ, दिवसभर जवळजवळ एकसारखा. चित्रकारांची खोलीही तशीच असे.

ही पुस्तके वाचून आपल्याकडे काचघर बांधले की अडचण येई, कारण आपला सूर्य तिथल्यासारखा वागत नाही. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या किंचित आत आहे. इंदूर आणि वडोदरा त्याच्या थोडे खाली, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, साधारण महिनाभर, इंदुरात भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. हैदराबाद सतराव्या अंशावर. तिथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट लागेपर्यंत हा प्रकार चालतो. बेळगाव आणि गोवा आणखी खाली, तिथे मुदत आणखी लांब. म्हणजे ज्या काचेतून कधीच ऊन येऊ नये तिच्यातून नेमक्या उन्हाळ्याच्या टोकाला ऊन आत. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर आहे, तेव्हा तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला जात नाही. पण उन्हाळ्यात तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळची तिरीप उत्तरेच्या भिंतीवर तिथेही पडते. ज्याला खोटे वाटेल त्याने जूनमध्ये आपल्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीची सावली बघावी.

मग काचेखाली पडदे आले. पांढऱ्या मांजरपाटाचे, दोरीने सरकणारे, एकामागे एक. ऊन आले की पांढरा पडदा ओढायचा. कापडच उजेडाचा स्रोत बनते आणि आकाशासारखा मऊ उजेड देते. बाजूला उजेड नको असेल तर गडद पडदा. काही ठिकाणी काच निळी बसवत. ऐकायला विचित्र, पण काचपटाला निळाच उजेड हवा होता, तेव्हा त्याचे काही बिघडत नसे आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरची तिरीप कमी होई. उष्णतेवर मात्र इलाज नव्हता. काचेच्या छताखाली, शालू नेसून किंवा अंगरखा-उपरणे घालून, दागिन्यांनिशी बसायचे, आणि मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावलेला. तो आधार समोरून दिसत नाही, पण जुन्या उभ्या फोटोत माणसाच्या पावलांमागे त्याचा तिवईसारखा पाया कधी कधी दिसतो. ओल्या काचेला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ हसू टिकत नाही. टिकवायला गेले तर ओठ थरथरतात आणि फोटोत तोंड पुसट येते. म्हणून फोटोवाला सांगे, तोंड मिटा, समोर बघा. पणजोबांचा तापटपणा बहुधा एवढाच.

सावल्यांबद्दल आणखी एक. युरोपातल्या चित्रकारांच्या नादाने तिथल्या फोटोवाल्यांनी अर्धा चेहरा अंधारात ठेवायची पद्धत उचलली. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत ती फारशी आढळत नाही. बहुतेक चेहरे दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे उजळलेले असतात, काचेसमोरच्या बाजूला पांढरा कपडा टांगून सावली भरून काढलेली. काही जाणकारांना ही कलेची उणीव वाटते. मला ते गिऱ्हाइकाचे शहाणपण वाटते. काच आधीच रंग काळवंडवते. त्यात अर्धा चेहरा अंधारात टाकला तर त्याचे पैसे कोण देणार?

इंदूरकरांना आणि हैदराबादकरांना एक नाव दोन्हीकडे आपले वाटते, ते लाला दीनदयाळ यांचे. जन्म 1844, मेरठजवळच्या सरधन्याचा, जैन कुटुंबातला. आमच्या समाजातला माणूस म्हणून मला त्यांचा अभिमान आहे हे लपवत नाही, पण ते कारण इथे गौण. रुडकीला अभियांत्रिकी शिकून 1866 मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रके काढायच्या नोकरीवर लागले. कॅमेरा हातात घेतला तो 1874 च्या सुमारास, हौस म्हणून. तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांचा आश्रय मिळाला. पुढे डेली यांच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातल्या प्राचीन वास्तूंचे फोटो घेतले. त्यांचा ग्रंथ 1886 साली निघाला.

या माणसाचे शिक्षण आराखडा काढणाऱ्याचे होते, आणि त्यांच्या इमारतींच्या फोटोंत ते दिसते. दगडी नक्षी ही उजेडानेच दिसते. सूर्य समोरून पडला तर कोरीव काम सपाट होऊन जाते. फार बाजूने पडला तर निम्मे काम सावलीत बुडते. तिरपे ऊन हवे, आणि ते त्या भिंतीवर दिवसातून एखादाच तास असते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या मानमंदिराचे उदाहरण घ्या. शहराकडची त्याची बाजू पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी उशिरा, सूर्य चढून दक्षिणेकडे सरकू लागला की बुरुजांची गोलाई आणि जाळ्या उठून दिसतात. दुपारनंतर ती सगळी भिंत स्वतःच्याच सावलीत. म्हणजे रात्रीच सामान वर चढवून, तंबू ठोकून, काचा तयार ठेवून त्या तासाची वाट पाहायची. आणि एवढे करूनही त्या भिंतीवरच्या निळ्या फरशा काचेवर फिक्या येणार आणि पिवळी बदके काळपट. जुन्या फोटोंत मानमंदिराचे रंगकाम ओळखू येत नाही ते यामुळे. आकाशही कोरे पांढरे, कारण निळ्या आकाशाने काच आधीच भरून जायची, ढग दिसायला जागा उरत नसे.

पुढे दीनदयाळ हैदराबादच्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे फोटोग्राफर झाले, सिकंदराबादला आणि नंतर मुंबईला त्यांचे स्टुडिओ निघाले. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट 1892 ची. हैदराबादला त्यांनी फक्त स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला, एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला, आणि कोणाची नजर पडू नये म्हणून भोवती उंच भिंती घातल्या. या भिंतींचा विचार करा. चहूबाजूंनी बंद केले की उजेडाला आकाशाचीच वाट उरते. पडद्यातल्या स्त्रीला जगाने पाहू नये पण उजेडाने पाहावे, अशी ती रचना.

ही रचना आपल्याला नवी नव्हती. आपला वाडा तसाच असतो. बाहेरून भिंती, मधे चौक, वर आकाश. फोटोवाला घरी येई तेव्हा तो याच चौकात चादर टांगून खुर्ची मांडत असे. तुमच्या संग्रहातल्या फोटोत मागचा पडदा खाली संपतो आणि त्याखाली शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन दिसत असेल तर तो फोटो स्टुडिओतला नाही, चौकातला आहे.

आता तुमच्याच घरात उभे राहून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते समजेल. घरातल्या कोणालाही दुपारी चौकाच्या मधोमध उभे करा. उजेड डोक्यावरून येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली सावली, वय दहा वर्षांनी वाढलेले. त्याच माणसाला दोन पावले मागे, ओसरीच्या कडेशी आणा. पागोळीने वरचा उजेड अडवला, आता उजेड समोरून आणि बाजूने येतो. खोबणी उजळल्या, डोळ्यांत चौकाचे छोटे पांढरे प्रतिबिंब आले, चेहऱ्याला गोलाई आली. आणखी चार पावले मागे माजघराच्या दाराशी नेले तर उजेड झपाट्याने ओसरतो, पण हे आपल्या लक्षात येत नाही, कारण बाहुली मोठी होते आणि मेंदू हिशेब जुळवून घेतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. उजेड पाहायला शिकणे म्हणजे डोळ्याची ही समजूतदार सवय काही क्षण बाजूला ठेवणे. त्यासाठी माणूस न पाहता त्याच्या नाकाची सावली पाहावी. ती कुठे पडली, तिची कड धारदार की पुसट, एवढे बघितले की उजेड कुठून आला आणि किती मोठ्या जागेतून आला हे कळते. गोव्याच्या आणि बेळगावच्या लोकांना पावसाळ्यात याची वेगळी गंमत मिळते. ढगांनी भरलेले आकाश म्हणजे फुकटचे काचघर, कड कुठेच धारदार नाही. फक्त ओसरी सोडू नका.

वडोदऱ्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले, तेव्हा त्यांची सगळी भिस्त याच उन्हावर होती. ‘राजा हरिश्चंद्र’ची दृश्ये दिवसा उन्हात घेतली गेली आणि फिल्म धुण्याचे काम रात्री चाले. मुके चित्रपट आणि आजोबांचे फोटो एकाच कारखान्यात तयार झाले म्हणायला हरकत नाही. मग वीज आली, मोठे बल्ब आले. काचघरांच्या काचांवर पत्रे चढले, आणि फोटो रात्री आठ वाजताही निघू लागला.

घरच्या जुन्या फोटोकडे आता पुन्हा बघा, भिंगाने. डोळ्यांतला पांढरा ठिपका चौकोनी असेल तर बहुधा काचघर किंवा खिडकी. तो वर डावीकडे असेल तर काच बसलेल्याच्या उजव्या हाताला होती. सावल्या धारदार असतील तर ऊन. पोरांचे हात पुसट आणि मोठ्यांचे स्पष्ट, तर काच बराच वेळ उघडी होती. कुंकू कोळशासारखे काळे असेल तर बाकीच्या काळ्या गोष्टींचाही तोच हिशेब करा, आणि त्यात पणजीची कांती धरा.

अलीकडे कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर अशा फोटोंना मोबाइलवर रंग चढवून टाकायची लाट आहे. ते यंत्र अंदाज करते. काळे दिसले की काळे किंवा राखाडी रंगवते. ते लुगडे लाल असू शकते हे त्याला ठाऊक नाही, आणि कातडीला ते काचेने दिलेला काळवंडलेपणा पक्का करून देते. मूळ फोटोला मग कोणी विचारत नाही. वाडा बिल्डरला दिला की ट्रंक जाते, मोबाइलमधली चुकीची पणजी तेवढी राहते. हे आपल्या पिढीत होते आहे, म्हणून एवढे लिहिले.

घरात नव्वदीची कोणी आत्या, मावशी असेल तर तो फोटो तिच्या हातात द्या. तोंडाविषयी विचारू नका, लुगड्याविषयी विचारा: हे कुठले, कोणत्या रंगाचे, काठ कसला. बायकांना लुगडे आठवते. जे सांगेल ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. आणि चौकट बदलायला दिलीत तर फोटोखालचा पुठ्ठा कापू देऊ नका. स्टुडिओचे नाव आणि गाव त्याच्यावरच छापलेले असते.